पाहणं आणि करणं यांच्यामधली फट: सोलापूरच्या टॉवेल कारखान्यातल्या फाइल मॅनेजरचं प्रकरण

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा एक मध्यम कारखाना. खाली इलेक्ट्रॉनिक जकार्ड (नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे उचलणारं यंत्र) बसवलेल्या लूमची शेड, वरच्या मजल्यावर डिझाइन खातं. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते, पण या कारखान्याचं पोट हॉटेलांच्या टॉवेलांवर चालतं. पांढरा टॉवेल, कडेला बॉर्डर, बॉर्डरमध्ये हॉटेलचं नाव विणलेलं. प्रत्येक ऑर्डरीमागे एक डिझाइन फाइल असते. डिझायनर ती विंडोजवरच्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये काढतात. नमुना पास झाला की ती सर्व्हरवरच्या ‘मंजूर’ फोल्डरमध्ये जाते, तिथून पेन ड्राइव्हवर आणि मग लूमच्या कंट्रोलरमध्ये.

सर्व्हर लिनक्सचा, फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) एक्स्ट४. त्यावर शहरातल्याच दोन तरुण प्रोग्रामरांनी हॅस्केल या फंक्शनल भाषेत लिहिलेला फाइल मॅनेजर चालतो आणि डिझायनर तो ब्राउझरमधून वापरतात. शिवाय लिनक्सचे फोल्डर विंडोजला दाखवणाऱ्या सांबा या प्रोग्राममुळे तेच फोल्डर सगळ्यांना विंडोज एक्सप्लोररमध्येही दिसतात. या ‘शिवाय’वरच पुढचं सगळं प्रकरण उभं आहे. एक फाइल गेली, तेव्हा आराखडा तपासायला मला बोलावण्यात आलं.

घडलं ते असं. संध्याकाळी शिफ्ट संपताना ज्येष्ठ डिझायनरनी चाळीस फाइली ‘काम’मधून ‘मंजूर’मध्ये हलवायला निवडल्या. प्रोग्रामने तपासणी केली आणि योजना दाखवली: चाळीस फाइली हलणार, एकाही नावाची धडक नाही, पुढे जायचं का? ते उत्तर न देताच खाली चहाला गेले. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या ताईंनी आपल्या मशीनवरची एक फाइल एक्सप्लोररमधून कट करून ‘मंजूर’मध्ये पेस्ट केली. नाव ‘बॉर्डर-१२’. त्या चाळिसांतही एक ‘बॉर्डर-१२’ होतीच, कारण क्रमांक जो तो आपापल्या वहीतून टाकतो. डिझायनर वर आले, ‘हो’ दाबलं, चाळीसच्या चाळीस फाइली हलल्या. एरर एकही नाही.

पत्ता लागला तो चेकिंगच्या टेबलावर. टॉवेल उत्तम, बॉर्डर उत्तम, फक्त हॉटेल दुसरंच. ताईंची फाइल उघडली तर तिच्यात डिझायनरमामांचं डिझाइन. “फाइल दिसालीय की, पण आतलं काम माझं नाही,” असं त्या सांगत होत्या आणि सुरुवातीला त्यांचं कुणी ऐकेना, कारण फाइलचं नाव तेच, आकारही बाइटन्‌बाइट तोच. कट-पेस्ट केल्यामुळे त्यांच्या मशीनवरही मूळ प्रत उरली नव्हती. पार्टीला व्हॉट्सॲपवर पाठवलेलं चित्र होतं, पण ते दाबून लहान झालेलं. जकार्डला एकेक पिक्सेल नेमका लागतो. बॉर्डर पुन्हा हाताने काढावी लागली.

आकार तोच कसा, याचं उत्तर डिझाइनं ज्या बीएमपी या चित्रप्रकारात ठेवतात त्याच्या रचनेत आहे. समजा जकार्ड १३४४ हुकांचं (धागे उचलणारे आकडे) आणि डिझाइन २००० पिकांचं (आडव्या धाग्यांच्या ओळी). २५६ रंगांच्या बीएमपीत प्रत्येक पिक्सेलला एक बाइट, म्हणजे २६,८८,००० बाइट. वर ५४ बाइटचं हेडर आणि १०२४ बाइटची रंगांची यादी. एकूण २६,८९,०७८. यात काही दाबलेलं नसतं, त्यामुळे तेवढ्याच हुकांचं आणि तेवढ्याच पिकांचं कोणतंही डिझाइन काढा, मोर काढा की हॉटेलचं नाव, फाइल २६,८९,०७८ बाइटचीच होणार. प्रोग्राम हलवल्यानंतर आकार आणि वेळ जुळवून ‘ठीक’ म्हणत होता. वेळेचंही तेच: पेन ड्राइव्हवरच्या फॅट फाइल सिस्टिममध्ये बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांतच नोंदली जाते. या खात्यात आकारावरून ओळख पटवणं म्हणजे ओळख न पटवणंच.

आता मूळ आराखडा. तो वाईट नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. फंक्शनल पद्धतीने, म्हणजे काही न बदलता नुसतं आत घेऊन उत्तर बाहेर देणाऱ्या शुद्ध फंक्शनांतून, लिहिणारा कुणीही समंजस माणूस जसा लिहील तसाच तो होता. मध्यभागी शुद्ध गाभा: फोल्डरचं चित्र आत घ्यायचं, वापरणाऱ्याची इच्छा आत घ्यायची आणि ‘हलव’, ‘कॉपी कर’, ‘नाव बदल’, ‘कचऱ्यात टाक’ अशा कृतींची यादी बाहेर द्यायची. या गाभ्यात डिस्कला कुठेच हात लागत नाही. बाहेर एक पातळ कवच, ते यादी घेऊन एकेक कृती अमलात आणतं. योजना हा साधा डेटा असल्यामुळे ती दाखवता येते, तपासता येते, नोंदवता येते. हे मला आजही पटतं आणि नव्या आराखड्यातही ते तसंच ठेवलं आहे.

त्यावर कडी म्हणून एक टाइप (किंमत कोणत्या जातीची हे कंपायलरला सांगणारी खूण) केला होता: ‘रिकामी जागा’. या टाइपची किंमत फक्त तपासणी करणाऱ्या फंक्शनमधूनच मिळे आणि हलवणारं फंक्शन गंतव्य म्हणून फक्त हाच टाइप स्वीकारी. तपासल्याशिवाय हलवणारा कोड लिहिला तर कंपायलरच अडवणार. दोघांना याचा अभिमान होता, आणि तो रास्तही होता. पण या टाइपमध्ये सिद्ध काय होतं? ‘पाहिलं तेव्हा इथे काही नव्हतं.’ शुद्ध जगात एकदा सिद्ध झालेलं कायम सिद्ध राहतं, कारण तिथे किंमत बदलतच नाही. डिस्क बदलते, आणि तुमच्या परवानगीशिवाय बदलते. चहा होईपर्यंत तो पुरावा शिळा झाला, टाइप मात्र ताजाच दिसत राहिला. मला तर वाटतं, हा टाइप नसता तर निदान कुणी हलवण्याआधी पुन्हा एकदा डोकावून पाहिलं असतं.

शेवटी कवचाने हाक मारली ती ‘रीनेमफाइल’ला. पॉझिक्सचा, म्हणजे युनिक्स घराण्याच्या मानकातला, रीनेम एकाच फाइल सिस्टिममध्ये अखंड असतो, म्हणजे अर्धवट अवस्था कुणाला दिसत नाही. पण गंतव्यावर आधीची फाइल असेल तर तो न विचारता तिची जागा घेतो आणि ती जाते. अखंडपणा आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे अखंडपणे फाइल उडाली.

या जातीच्या चुकांना ‘तपासणीची वेळ ते वापराची वेळ’ असं लांबलचक नाव आहे आणि त्या काही नवशिक्यांच्या नसतात. रस्ट भाषेच्या मानक लायब्ररीतल्या, फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसणाऱ्या ‘रिमूव्ह-डिर-ऑल’मध्ये नेमकी हीच फट निघाली होती: हे फोल्डर आहे की सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारं नाव) हे पाहणं आणि आत शिरून पुसणं या दोहोंमध्ये कुणी फोल्डरच्या जागी सिमलिंक ठेवली तर भलतीकडच्या फाइली पुसल्या जात. जानेवारी २०२२मध्ये १.५८.१ या आवृत्तीत ती बुजवली गेली. मेमरीच्या सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या भाषेची ही गोष्ट, कारण भाषेचे टाइप डिस्कपर्यंत पोचत नाहीत.

बैठकीत पहिली सूचना आली कुलुपाची. प्रोग्राममध्ये एकच एमव्हार (हॅस्केलमधलं, एका वेळी एकालाच धरता येणारं कुलूप) ठेवायचा, हलवाहलव करताना तो धरायचा. दोन ब्राउझरांची भांडणं त्याने मिटतील, पण एक्सप्लोररला तुमच्या एमव्हारशी काय घेणं? दुसरी सूचना, ‘हो’ दाबल्यावर पुन्हा तपासायचं. याने फट चहाच्या अवधीवरून काही मायक्रोसेकंदांवर येते. रोजच्या कामाला पुरलंही असतं. पण मग हा दोष असा झाला असता की वर्षाकाठी एखादी फाइल जाईल आणि का गेली ते कधीच कळणार नाही. असला दोष मोठ्या दोषापेक्षा वाईट.

खरी दुरुस्ती म्हणजे तपासणी आणि कृती कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, एकाच हाकेत करायला सांगणं. लिनक्समध्ये ३.१५ कर्नलपासून, म्हणजे २०१४पासून, ‘रीनेम-ॲट-टू’ आहे. त्याला ‘नो-रिप्लेस’ फ्लॅग दिला की गंतव्यावर काही असेल तर तो हलवतच नाही, ‘आधीच आहे’ असा एरर देतो. हॅस्केलच्या नेहमीच्या लायब्ररीत तो नाही, सी भाषेच्या पुलावरून आणावा लागतो, पण हे काम मोजक्या ओळींचं आहे. सगळ्या फाइल सिस्टिम तो मानत नाहीत. तिथे हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरं नाव) करून मग जुनं नाव काढायचं, कारण लिंकही आधीच्या नावावर चढत नाही. फॅटवर हार्ड लिंकच नसते. तिथे नवी फाइल ‘एक्सक्लुझिव्ह’ फ्लॅग लावून तयार करायची आणि तिच्यात कॉपी करायची.

मालकांना हे समजावताना मला तांत्रिक भाषा लागलीच नाही. त्यांनी पुठ्ठ्याच्या कार्डांचा काळ पाहिला आहे. “अण्णा, तेव्हा एका डिझाइनवर दुसरं चढायचं का?” ते हसले. “भोकं पडलेल्या पुठ्ठ्यावर कसं चढंल ओ? दुसरं डिझाइन म्हणजे दुसरा पुठ्ठा. जागा नसली तर माणूस विचारायला यायचा, हे कुठं ठेवू म्हणून.” फाइल मॅनेजरकडून हवं होतं ते एवढंच.

टाइपांचं काय झालं? ‘रिकामी जागा’ काढून टाकला. योजनेतल्या प्रत्येक कृतीला त्याऐवजी ‘अपेक्षा’ जोडली: स्रोताचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला, त्याची ओळख पटवणारा आकडा) हा असावा, गंतव्य रिकामं असावं. अपेक्षा खोटी ठरू शकते हे तिच्या नावातच आहे. आणि टाइपांचा जोर आपण उत्तराच्या बाजूला नेला. कृतीचा निकाल आता पाचांपैकी एक असतो: झालं, जागा व्यापलेली, स्रोत बदललेला, दुसऱ्या डिस्कवर आहे, अडलं. यातला एकही निकाल हाताळायचा राहिला तर कंपायलर ओरडतो. डिस्कवर काय आहे हे टाइपला कळत नाही, पण डिस्कने दिलेलं कोणतंही उत्तर गिळून टाकलं जाणार नाही एवढी हमी तो चोख देतो. फंक्शनल भाषेचा या प्रकरणातला खरा फायदा मला इथे दिसला.

स्रोताच्या बाजूला फट राहतेच. हॅश काढल्यानंतर आणि रीनेमच्या आधी कुणी फाइलमध्ये लिहिलं तर नवा मजकूर हलतो. पण त्यात काही नष्ट होत नाही, फक्त जागा बदलते. प्रत्येक फट बुजवण्याच्या मागे लागलो असतो तर काम संपलंच नसतं. म्हणून आम्ही कसोटी एकच धरली, मजकूर नाहीसा होतो का? होत नसेल तर नोंद करून पुढे.

वाद रंगला तो ‘सगळ्या किंवा एकही नाही’ यावर. चाळिसांतली एक अडली तर बाकीच्या एकोणचाळीस परत आणायच्या, असं दोघांतल्या धाकट्याचं म्हणणं. डेटाबेस शिकून आलेल्याला ते स्वाभाविक वाटतं. पण परत आणणं हीसुद्धा हलवाहलवच. तिच्याही वाटेत कुणी येऊ शकतं, आणि परतताना अडली तर काय करायचं? शिवाय एकोणचाळीस डिझाइनं शेडला हवी आहेत, ती एका धडकेपायी का रोखायची? शेवटी ठरलं: जेवढ्या हलतील तेवढ्या हलतील, अडलेली जागच्या जागी राहील, आणि पडद्यावर दोन्ही डिझाइनांची छोटी चित्रं शेजारी-शेजारी दिसतील. ही चित्रांची कल्पना ताईंची. चित्र दिसलं असतं तर मामांनी ‘हो’ दाबण्याआधीच आरडाओरडा केला असता, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे.

दुसऱ्या डिस्कवर नेण्याचं प्रकरण वेगळं. बॅकअपची यूएसबी डिस्क एक्सफॅट या वेगळ्या फाइल सिस्टिमची आहे आणि रीनेम दोन फाइल सिस्टिमच्या सीमेवर अडतो. मग ‘हलव’चा अर्थ ‘कॉपी करून मूळ पुस’ होतो, आणि वीज नेमकी मध्येच जाते. इथला क्रम असा: गंतव्याच्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहायचं, फाइलवर एफसिंक (मजकूर खरोखर डिस्कवर उतरव ही आज्ञा), मग खऱ्या नावावर आणायचं, मग फोल्डरवर एफसिंक. फोल्डरचा एफसिंक बहुतेक जण विसरतात. फाइल सुखरूप असते, पण तिचं नाव गेलेलं असतं. एफसिंकने एरर दिला तर तोच पुन्हा मारायचा नाही. लिनक्सवर दुसरा एफसिंक ‘ठीक’ म्हणू शकतो, जरी पहिल्या वेळचा मजकूर डिस्कवर पोचलेलाच नसला. २०१८मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांना हे कळलं तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. प्रत टाकून द्यायची आणि मुळापासून सुरू करायचं.

आणि मूळ पुसायचं नाही. ते त्याच फाइल सिस्टिमवरच्या कचऱ्यात रीनेमने सरकवायचं. कॉपी चालू असताना कुणी मुळात बदल केला असेल तर तोही कचऱ्यात सापडतो.

प्रत वाचून हॅश जुळवतो, एवढं दोघांनी आधीच केलं होतं. पण नुकतीच लिहिलेली फाइल वाचली की ती डिस्कवरून येत नाही, मेमरीतल्या पेज कॅशमधून येते. म्हणजे आपण आपलंच लिहिणं तपासतो. आता रात्री डिस्क काढून पुन्हा जोडल्यावर एकदा सगळ्या नव्या प्रतींचा हॅश काढला जातो, आणि तो जुळेपर्यंत मूळ कचऱ्यातून जात नाही.

पेन ड्राइव्हवर मात्र कचरा ठेवलेला नाही. लपवलेल्या फोल्डरमध्ये जुन्या फाइली साचतात, ड्राइव्ह रिकामा दिसतो आणि कंट्रोलर ‘जागा नाही’ म्हणतो. रात्रपाळीच्या माणसाला ही कोडी घालू नयेत.

मराठी नावांनी एक वेगळीच गंमत केली. ‘कोपऱ्याचं फूल’ नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये, नावं डोळ्यांना अगदी सारखी. कीबोर्ड बदलला की ‘ऱ्या’ वेगवेगळ्या तऱ्हेने टाइप होतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हा एकच युनिकोड वर्ण असतो, त्यापुढे हलन्त, य आणि काना. दुसऱ्या तऱ्हेत र आणि नुक्ता वेगळे असतात. तिसऱ्या, जुन्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर. यूटीएफ-८मध्ये पहिला ‘ऱ्या’ १२ बाइटचा, उरलेले दोन्ही १५ बाइटचे. लिनक्सला नाव म्हणजे फक्त बाइट, त्यामुळे त्याच्या लेखी या तीन वेगळ्या फाइली. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणण्याची रीत) पहिल्या दोन तऱ्हा एक करतं, तिसरी तशीच राहते. म्हणून तुलनेसाठी एक वेगळी किल्ली बनवली: आधी एनएफसी, मग र-हलन्त-जॉइनरच्या जागी ऱ-हलन्त. किल्ली जुळली तर इशारा द्यायचा, एवढंच. डिस्कवरची नावं आपणहून ‘सुधारायची’ नाहीत. सुधारलेलं नाव दुसऱ्या फाइलवर जाऊन आदळू शकतं, आणि पार्टीच्या मेलमधलं नाव शोधणाऱ्याला मग फाइलच सापडत नाही.

याच कारणाने आतून पाथ स्ट्रिंगऐवजी बाइट म्हणून धरले. हॅस्केलचा जुना ‘फाइलपाथ’ म्हणजे अक्षरांची यादी. लोकेल (भाषा आणि अक्षरांच्या एन्कोडिंगची सेटिंग) न लावता सर्व्हिस सुरू झाली की देवनागरी नाव पडद्यावर छापतानाच प्रोग्राम कोसळतो. नव्या ‘ओएसपाथ’मधले बाइट तसेच छापले तर ते टळतं. आणखी एक: एक्स्ट४मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीत ८५ वर्ण. मूळ नावाला ‘-तात्पुरती’ जोडून केलेलं नाव या मर्यादेपलीकडे जाऊ शकतं. तात्पुरतं नाव लहान आणि मूळ नावाशी संबंध नसलेलं ठेवलं.

आळशी वाचनाबद्दल थोडक्यात. हॅस्केलचा ‘रीडफाइल’ मजकूर लागेल तसा वाचतो आणि तोवर फाइल उघडी राहते. सूची वाचून त्याच फाइलमध्ये लिहायला गेलं की ‘फाइल लॉक आहे’ असा एरर येतो. फाइल मॅनेजरमध्ये या आळसाला जागा नाही. सगळीकडे कडक, म्हणजे मजकूर एकदमच वाचून घेणारी, बाइटस्ट्रिंग वापरली. हँडल, म्हणजे उघड्या फाइलची मूठ, बंद करायला ‘ब्रॅकेट’ पुरेसा आहे, तो काम अडलं तरी बंद करतोच. लिनियर टाइप (किंमत नेमकी एकदाच वापरायला लावणारे) आणायचे का, असंही विचारून झालं, हॅस्केलच्या जीएचसी कंपायलरमध्ये ९.०पासून ते आहेत. पण उघडी राहिलेली हँडलं हे या कारखान्याचं दुखणंच नव्हतं.

चाचण्यांवर मात्र वेळ घालवला, आणि तो सार्थकी लागला. फाइल सिस्टिमचं एक शुद्ध प्रतिरूप मेमरीत केलं: नावापासून मजकुराकडे जाणारा मॅप. कवच असं लिहिलं की तेच खऱ्या डिस्कवर चालेल आणि या प्रतिरूपावरही. मग आपणहून असंख्य चाचण्या बनवून पाहणाऱ्या क्विकचेक या लायब्ररीला एक उपद्रवी पात्र दिलं, जे दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठेही फाइल ठेवतं, बदलतं, नाव पळवतं. नियम एकच: कुणी मुद्दाम पुसलेलं सोडून, सुरुवातीला असलेला किंवा मध्ये आलेला प्रत्येक मजकूर शेवटी कुठे ना कुठे सापडला पाहिजे. या पद्धतीचा वकूब मोठा आहे. क्विकचेकच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या जॉन ह्यूज यांनी सहकाऱ्यांसोबत २०१६मध्ये ड्रॉपबॉक्ससारख्या सेवेतलं विचित्र वागणं अशाच प्रतिरूपाने उघडं पाडलं होतं. जुन्या कोडवर चाचणी चालवली, तर क्विकचेकने लांबलचक प्रसंग छाटत छाटत तीन पायऱ्यांवर आणून ठेवला: योजना कर, परक्याने त्याच नावाची फाइल ठेवली, योजना अमलात आण. डिझाइन खात्यातली ती संध्याकाळ, चहा वगळून.

उरली ती एक्सप्लोररची बाजू. आमचा प्रोग्राम कुणाची फाइल उडवणार नाही, पण एक्सप्लोररमध्ये ‘रिप्लेस’ दाबणाऱ्याला तो अडवू शकत नाही. उपाय सांबाच्या सेटिंगमध्ये होता: ‘मंजूर’ सगळ्यांना वाचण्यापुरतं, लिहिणं फक्त ब्राउझरमधून. अण्णांना आधी पटेना. रात्री सर्व्हरपाशी कुणी नसतं, शेडमधला माणूस एक्सप्लोररवरच काम करतो, त्याला ब्राउझर कोण शिकवणार? शेवटी शेडच्या कॉम्प्युटरवर फक्त ‘लूमला पाठव’ हे एकच बटण असलेलं पान उघडं ठेवायचं ठरलं. मामांची तक्रार राहिलीच होती.

“आणि घाईत असलो तर? पार्टी फोनवर थांबलेली असती ओ.”

“घाईतसुद्धा ब्राउझरमधूनच, मामा. एखादी अडली तर चित्र दिसंल, नाव बदला आणि पुन्हा पाठवा.”

“आणि कट-पेस्ट?”

“‘काम’ फोल्डरात करा की हवं तेवढं.”

त्याच दुपारी सेटिंग बदलण्यात आलं.